उजवा कान

यावल तालुक्यातील एका केळी बागायतदाराने मला फोनवरून ठिबक सिंचनाच्या लॅटरलची, म्हणजे नळ्यांची, साठ बंडले सांगितली आणि मी वहीत आठ लिहून घेतली. दहा-अकरा एकरांच्या नव्या लागवडीला आठ बंडले पुरणार नाहीत, हे वीस वर्षे हाच धंदा केलेल्या माणसाला खरे तर न विचारता कळायला हवे होते. पण जुन्या नळ्या बदलण्यापुरताच माल हवा असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. टेम्पो बांधावर पोहोचला, त्याच्या मागोमाग मी पोहोचलो आणि तिथे आमची चांगलीच जुंपली. "पाटील, तुम्ही आठच म्हणालात," असे मी छातीठोकपणे सांगत होतो आणि तो माणूस हातातली नळी आपटत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. समोरासमोर उभे असूनही मला ते "आठ, आठ" असेच ऐकू येत होते. मग सहज त्याच्या तोंडाकडे लक्ष गेले. शब्दाच्या सुरुवातीला त्याचे दातांवर दात येत होते. 'आठ' म्हणताना दातांवर दात येत नाहीत.

घरी याची चिन्हे आधीपासून होती, मात्र ती मी दुसऱ्यांच्या खात्यावर टाकत असे. नातवंडे तोंडातल्या तोंडात बोलतात, टीव्हीवरच्या मालिकांत पार्श्वसंगीत फार असते, बँकेतली मुले काचेमागून पुटपुटतात, अशी माझी एकेक तक्रार असे. पत्नीचे माहेर अमळनेरकडचे, आणि तिची सहनशक्ती संपली की ती अहिराणीत उतरते. "तुमले आयकू येस का नही?" हा तिचा प्रश्न मला दरवेळी स्वच्छ ऐकू येई, त्यामुळे कान ठणठणीत असल्याची माझी खात्री पटत असे. हा प्रश्न ती किती मोठ्याने विचारत होती, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

शेवटी जळगावात ऑडिओमेट्री करून घेतली. टेलिफोन बूथएवढ्या बंद खोलीत कानांवर जाड हेडफोन चढवून बसवतात, हातात एक बटण देतात आणि आवाज ऐकू आला की ते दाबायला सांगतात. डाव्या कानाच्या वेळी मी बटण भराभर दाबले. उजव्या कानाच्या वेळी एक वेळ अशी आली की बराच काळ काहीच वाजले नाही, म्हणून काचेपलीकडे पाहिले, तर तपासणाऱ्या बाई खाली मान घालून एकामागून एक आवाज वाढवत होत्या. आलेख हातात आला तेव्हा त्यावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या होत्या. लाल रेघ बरीच सरळ येत येत ४००० हर्ट्‌झपाशी एकदम खड्ड्यात गेली होती आणि ८००० हर्ट्‌झला थोडी वर आली होती. या आलेखात रेघ जितकी खाली, तितका कान मंद; आणि हर्ट्‌झचा आकडा जितका मोठा, तितकी आवाजाची पट्टी उंच.

हा खड्डा त्या बाईंच्या ओळखीचा दिसला. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले: बंदूक चालवता का, कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा कारखान्यात काम केले आहे का, फोन कोणत्या कानाला लावता. फोन मी उजव्या कानालाच लावतो, लिहायचे असले की खांद्याने दाबून धरतो. पण तेवढ्याने असा खड्डा पडत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "गाडी कोणती चालवायचात?"

१९९४ साली मी जुनी डिझेल जीप घेतली होती. तिला ताडपत्रीचे हूड होते. दारांच्या जागी पडदे होते आणि त्या पडद्यांना शिवलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा पहिल्याच उन्हाळ्यात पिवळा पडून निरुपयोगी झाला. पावसाळा संपला की मी पडदे काढून ठेवीत असे आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत हूडही उतरवून ठेवीत असे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा हा माझा पट्टा. सकाळी रावेरकडून चोपड्याकडे निघाले की सातपुडा सबंध वाटभर उजव्या हाताला असे, आणि डाव्या बाजूला तापीपर्यंत उतरत गेलेल्या केळीच्या बागा. रात्री पाणी दिलेल्या बागेजवळून जाताना हवेचा एक ओला, थंड पट्टा अंगावरून जाई आणि पुढच्या कोरडवाहू तुकड्यापाशी तो तुटे. बंद गाडीतल्या माणसाला हे कधी कळणार नाही. मला त्या जीपचा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. कंपनीने बंद गाडी देऊ केली तेव्हा मी ती सहकाऱ्याला दिली आणि वर त्याची थट्टाही केली.

दिवसाचे चार-पाच तास त्या जीपमध्ये जात. संध्याकाळी घरी उतरलो की कानांत कापूस कोंबल्यासारखे वाटे, आत बारीक "चीं" असा सूर चाले आणि मी जरा मोठ्याने बोलत असे. सकाळी उठेपर्यंत सारे पूर्ववत झालेले असे. थकवा म्हणून मी ते सोडून देई. वैद्यकीय भाषेत याला ऐकण्याच्या क्षमतेतली तात्पुरती घट म्हणतात, आणि कान आपल्याला देतो ती सूचना जवळपास एवढीच असते. डेसिबल हे आवाजाच्या जोराचे माप. आवाजाने कान दुखायला लागण्यासाठी तो साधारण १२० डेसिबलच्या पुढे जावा लागतो. इजा मात्र ८५ च्या आसपासच सुरू होऊ शकते. या दोहोंमधली जी मोठी पट्टी आहे, तिच्यात नुकसान होत असते आणि दुखत काहीच नाही. डोळ्यात धूळ गेली तर आपण गाडी थांबवून डोळा धुतो. कानात तासन्‌तास वारा घुसत राहिला तर आपण गाण्याचा आवाज वाढवतो.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळणे घेतलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी रांगांनी बसवलेल्या असतात. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आतल्या टोकाकडच्या पेशी खालच्या पट्टीचे. गोंगाटाचा पहिला मार तोंडाजवळच्या भागावर, विशेषतः ४००० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाला ती सोय नाही. सकाळी कान "मोकळा" झाला म्हणजे सगळे भरून आले, ही समजूतही आता तितकीशी भक्कम राहिलेली नाही. कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००९ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दाखवले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशींना जोडलेली मज्जातंतूंची टोके कायमची तुटलेली असू शकतात. त्या उंदरांप्रमाणेच मीही रोज सकाळी स्वतःला बरा समजत होतो.

आता 'साठ' आणि 'आठ' यांच्याकडे येतो. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि अगदी अशक्त असतात. उंच पट्टी गेली की माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. कोणी बोलत असल्याचे ऐकू येत असते, म्हणून आपण बहिरे नाही अशी खात्री वाटते, आणि कळत नाही म्हणून राग समोरच्यावर निघतो. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की साध्या फोनची तार ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचेच सूर वाहून नेत असे, त्यामुळे फोनवर 'स' सगळ्यांनाच अर्धवट पोहोचत असे. बांधावर उभे राहून घातलेल्या वादाला मात्र ही सबब चालत नाही. त्या बागायतदाराला दुसऱ्या दिवशी बावन्न बंडले स्वतः घेऊन गेलो. त्याने चहा पाजला, हिशोब केला आणि त्यानंतर तो माझ्याशी बोलताना प्रत्येक आकडा बोटांवर दाखवू लागला. त्या बोटांचा मला अपमान वाटत असे, हेही सांगून टाकतो.

दोन कानांत एवढा फरक असला तर इतर कारणेही तपासावी लागतात, म्हणून बाईंनी मला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. मळ, पडदा, नस हे सगळे पाहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की काही वाटा वयाचा आहे, काही गोंगाटाचा आहे, आणि दोघांची वेगवेगळी खातेवही कोणालाच मांडता येणार नाही. ते मला पटते. तरीही आपल्याकडे चालकाचा उजवा कान रस्त्याकडे असतो आणि माझ्या जीपला उजवीकडे दार नव्हते, एवढे मी माझ्यापुरते त्या खातेवहीत लिहून ठेवले आहे.

मी इतकी वर्षे दोष देत आलो तो इंजिनाला. बसल्या जागी ते धडधडत असे, म्हणून साहजिकच. पण शहरातला वेग सोडून पुढे गेले की खरा गोंगाट वाऱ्याचा असतो. वेग वाढतो तसा वाऱ्याचा आवाज इंजिनापेक्षा फार झपाट्याने चढतो. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा सरळ मागे जात नाही. ती भोवरे करीत तुटते आणि बसलेल्यांच्या डोक्यामागून वळून कानांवर आदळते. त्यात शेजारून जाणाऱ्या ट्रकचा प्रेशर हॉर्न आणि कानाच्या उंचीला आलेला त्याचा सायलेन्सर, आणि मध्ये पत्रा नाही की काच नाही.

उघड्या छताच्या मोटारींत हे कोणी मोजले आहे का, याचा शोध घेतला तेव्हा अमेरिकेतील सेंट लुई येथील कानाच्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास सापडला. त्यांनी पाच वेगवेगळ्या कन्व्हर्टिबल गाड्या छत बंद ठेवून आणि उघडून, ताशी ८८.५, १०४.६ आणि १२०.७ किलोमीटर वेगाने चालवल्या. आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ वेग ५५, ६५ आणि ७५ मैल होते. छत उघडे असताना सरासरी आवाज ८८.५ च्या वेगाला ८५.३ डेसिबल आणि १२०.७ च्या वेगाला ८९.९ डेसिबल भरला. केवळ छत उघडल्यामुळे पडलेला फरक १२.४ ते १४.६ डेसिबलचा होता.

बारा-चौदा हा आकडा किरकोळ वाटतो, आणि डेसिबलची खरी फसवणूक इथेच आहे. हे माप बेरजेने चढत नाही, पटीने चढते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. म्हणजे छत उघडताच कानावर पडणारी ऊर्जा सतरा ते एकोणतीस पट झाली. अमेरिकेतील नायोश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सांगते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास. जागतिक आरोग्य संघटनेचा संगीत ऐकण्यासाठीचा हिशोब याहून कडक आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याचे चाळीस तास. त्याच प्रमाणात ९० ला आठवड्याचे चारच तास उरतात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे हात जरा सैल आहे, तरी निदान कोणी मोजण्याची शक्यता तरी असते. फिरतीवरच्या माणसाचा कान मोजायला रस्त्यावर कोणी येत नाही. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर दिवसभर नांगरट करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या कानाशी तर नव्वदच्या पुढचाच आवाज असतो, आणि त्याने आजवर मागितली ती फक्त गादीची सीट.

हे सगळे कळल्यावर मी पुतण्यासमोर बोललो नसतो तर बरे झाले असते. त्याने गेल्या हिवाळ्यात छत काढता येणारी नवी गाडी घेतली. माझ्या जीपच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला, त्यामुळे या खरेदीत माझाही हात आहे. माघातल्या एका सकाळी तो म्हणाला, "नाना, चला, धुळ्याला ताईकडे जाऊन येऊ. छत काढून." मी त्याच्या शेजारी डाव्या सीटवर बसलो. पाळधी मागे पडेपर्यंत सगळे सुरेख होते. महामार्ग आता चौपदरी झाला आहे. हा रस्ता क्रमांक ६ होता, आता ५३ झाला आहे, आणि माझ्या काळी ट्रकमागे साठच्या वर काटा जाणे हीच चैन होती. पुतण्याने सहज नव्वद गाठले.

एरंडोलच्या आसपास माझ्या लक्षात आले की वारा या वेळी डाव्या कानावर, म्हणजे उरलेल्या चांगल्या कानावर आदळतो आहे. मी तळहाताने तो कान झाकून घेतला. पुतण्याला वाटले मला थंडी वाजते आहे. त्याने हीटर लावला आणि त्याची घरघर आणखी वाढली.

मी खिशातून फोन काढून आवाज मोजण्याचे ॲप चालू केले. काटा ९८ वर गेला. त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण वारा थेट मायक्रोफोनवर आदळला की फोन त्या धक्क्यालाच आवाज समजतो. भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा मी घरूनच आणला होता (पत्नीने तो कशाला नेता हे विचारले, मी ऐकू न आल्याचे सोंग केले). तो मायक्रोफोनवर धरून फोन मांडीजवळ खाली नेला, तर आकडा ८७ ते ९० च्या दरम्यान हलत राहिला. फोनचे ॲप दोन-चार डेसिबल इकडेतिकडे चुकते, ते काही प्रयोगशाळेतले यंत्र नव्हे. तरी सेंट लुईच्या डॉक्टरांपासून आम्ही एरंडोलला फार लांब नव्हतो. मग मी त्याला खुणेने दोन्ही बाजूंच्या काचा वर घ्यायला सांगितले. छत उघडेच, फक्त काचा वर. आकडा ८२ पर्यंत उतरला आणि डोक्यावरचे ऊन होते तसेच राहिले. एवढ्या साध्या उपायाला माझ्या जीपला काचच नव्हती.

पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा पुतण्याने फुशारकीने विचारले, "आणि कानात कापूस घातला तर?" आपण कापसाच्या मुलखातले, म्हणून हा उपाय आपल्याला आधी सुचतो. साध्या कापसाचा बोळा वारा अडवतो, थंडी अडवतो, आवाज जवळजवळ सगळा आत सोडतो. तंतूंमधल्या हवेतून तो निघून जातो. डोक्याला गुंडाळलेला बागायती रुमालही तसाच. उन्हाळ्यात तो जीव वाचवतो, कानाच्या पाळीवर घोंघावणारा वाराही थोडा मोडतो, पण सुटलेले टोक कानाशी फडफडू लागले की मिळवलेले घालवतो. काम करतात ते औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअर प्लग. तेही बोटाने नुसते ढकलून चालत नाही. प्लग चिमटीत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट ठेवून धरायचा. नीट बसला तर वीसेक डेसिबल सहज कमी होतात आणि मागच्या ट्रकचा हॉर्न तरीही ऐकू येतो. चहाच्या टपरीवर मी हे प्रात्यक्षिक करून दाखवले, तेव्हा शेजारच्या बाकावरचे दोघे चहा विसरून पाहत राहिले.

पुतण्या हुशार आहे. त्याने बाजू मांडली की तो वर्षातून दहा-वीस वेळाच छत काढणार, रोज नाही. आणि त्यात तथ्य आहे. एका फेरीने कोणाचा कान जात नाही. धुळ्याला जाऊन येण्याच्या दोन-अडीच तासांत, काचा वर असतील तर, त्याचे काहीही बिघडणार नाही. कान बिघडतो तो रोजच्या तासांनी, आणि ते तास आपण मोजत नाही, कारण ते आपल्याला आवडत असतात. मी माझे मोजून पाहिले. वर्षाला फिरतीचे अडीचशे दिवस, दिवसाला चार तास, एकोणीस वर्षे. एकोणीस हजार तास होतात. त्या तासांतले सातपुड्याच्या बाजूचे किती आणि तापीच्या बाजूचे किती, हे कान सांगत नाही.

आता मी उजव्या कानात श्रवणयंत्र घालतो. त्याने 'स' परत आला आहे, मात्र तो जरा पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो. उघड्या गाडीत ते यंत्र वाऱ्यालाच मोठे करून ऐकवते, म्हणून निघताना काढून डबीत ठेवावे लागते.

परतीच्या वेळी संध्याकाळ होत आली होती. फागण्याच्या पुढे आल्यावर मी पुतण्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि चावी मागितली. डॉक्टर मला गाडी चालवायला मनाई करीत नाहीत. पत्नी करते, पण ती जळगावला होती. दोन्ही कानांत प्लग घातले, काचा वर घेतल्या, आरसे लावून घेतले आणि उजव्या सीटवर बसलो. बिघडलेला कान रस्त्याकडे होता, चांगला पुतण्याकडे. सत्तरच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. मुकटीजवळ त्याने काहीतरी विचारले, ते मला कळले नाही. त्याने माझ्याकडे वळून, तोंड नीट उघडून पुन्हा विचारले. छत लावायचे का, असे तो विचारत होता.

"राहू दे," मी म्हणालो.